चर्चा: उणे २५० अंशांवरचं चुंबकत्व आपल्या पोरांनी शिकावं कशाला?

खानापूरचा मास्तर:
एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी सेमिनारला 'रेअर अर्थ क्वासिक्रिस्टलांचं चुंबकत्व' घेते म्हणाली. (रेअर अर्थ म्हणजे गॅडोलिनियमसारखे धातू; क्वासिक्रिस्टल म्हणजे अणू शिस्तीत, पण साध्या स्फटिकासारखी तीच नक्षी पुन्हा पुन्हा न येणारा पदार्थ.) मी नको म्हणालो. २०२१ मध्ये जपानी गटानं सोनं-गॅलियम-गॅडोलिनियमच्या क्वासिक्रिस्टलमध्ये फेरोमॅग्नेटिझम (सगळे अणुचुंबक एकाच दिशेला) दाखवला, मान्य. पण २३ केल्विनच्या, म्हणजे उणे २५० अंश सेल्सिअसच्या, खाली! आणि त्यात सोनं. बेळगावच्या उद्यमबागेत एवढ्या फाउंड्र्या असताना तिनं ओतीव लोखंडावर बोलावं, नोकरी तरी लागेल. पटत नसेल तर बोला.

उद्यमबागकर:
सर, माझीच फाउंड्री हाय. लोखंडावर बोलायला आम्ही हाय की ओ, रोज तेच करतोय. मला नवल वाटलं ते विजेचं. साधा धातू नीट अ‍ॅनील केला (तापवून हळूहळू गार केला) की विजेचा रोध उतरतो, थंड केला की आणखी उतरतो. अ‍ॅल्युमिनियम-तांबं-लोखंडाच्या क्वासिक्रिस्टलचं उलटंच: जेवढा निर्दोष, जेवढा थंड, तेवढा रोध जास्त. तिन्ही धातू वीज वाहणारे, आणि एकत्र आले की अडून बसतात! (आमच्या गल्लीची कमिटीबी अशीच.)

निपाणीकर:
मास्तरांशी सहमत. १९९७ मध्ये जस्त-मॅग्नेशियम-रेअर अर्थमध्ये अँटिफेरोमॅग्नेटिक क्रम (अणुचुंबक नेमानं एकमेकांच्या उलट) सापडल्याचं छापून आलं. पुढच्याच वर्षी चांगल्या नमुन्यांत तो दिसेना. दुसऱ्याच स्फटिकाची भेसळ निघाली. अशा विषयावर पोरीनं वर्ष घालवायचं?

हिंडलग्याची ताई:
निपाणीकर, भेसळ पकडली कुणी? त्याच क्षेत्रातल्या लोकांनी, नमुन्यावर न्यूट्रॉन टाकून. आणि गंमत तिथंच आहे. रेअर अर्थच्या अणूचं चुंबकत्व आतल्या ४-एफ इलेक्ट्रॉनांत असतं, ते एकमेकांना थेट भिडत नाहीत. निरोप नेतात धातूतले फिरते इलेक्ट्रॉन, आणि अंतर बदललं की निरोप फिरतो: 'माझ्यासारखा राहा' किंवा 'माझ्या उलट'. क्वासिक्रिस्टलमध्ये रचना नेमकी असते पण पुन्हा पुन्हा तीच येत नाही. सगळ्यांचं ऐकायचं कुणी? म्हणून थंड केल्यावर हे अणुचुंबक काचेसारखे वेडेवाकडे गोठतात, त्यालाच स्पिन ग्लास म्हणतात. वर्षानुवर्षं हेच मिळत होतं. मग धातूंचं प्रमाण बदलून दर अणूमागे फिरते इलेक्ट्रॉन किती हे जुळवलं, आणि सगळ्यांना एकच निरोप जाऊ लागला. सर, यात वीज आणि चुंबक वेगळे काढताच येत नाहीत. यापेक्षा चांगला सेमिनार कुठला?

अनगोळकर:
नेमकी रचना, पण कुठंच जमत नाही. १९५६ पासून आपलं दुसरं काय चाललंय?

खानापूरचा मास्तर:
अनगोळकर, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडं जा. ताई, फिरत्या इलेक्ट्रॉनांचा मुद्दा मला माहीत नव्हता. तेवढा तिनं नीट मांडला तर सही करतो. नोकरीचं मात्र माझं म्हणणं कायम.

हिंडलग्याची ताई:
तिला पुढचंही सांगा. २०२५ मध्ये सोनं-इंडियम-युरोपियममध्ये खरा अँटिफेरोमॅग्नेटिक क्रम मिळाला, ६.५ केल्विनला. १९९७ चा दावा खोटा ठरला, पण प्रश्न खरा होता.

निपाणीकर:
आधी २३, आता ६.५. आकडा खालीच चाललाय की ओ ताई!