कोनसेटचा खालचा कप हेड पाइपमधून निघत नाही, गॅस मारू द्यावा का?

परळ_पाना
गाडी १५० सीसी, स्टील चासी, १३ वर्षं वापरात. हँडल सरळ असताना मधोमध खट्‌कन अडकतं, म्हणून कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती वरची-खालची बेअरिंगं) काढायला घेतला. आत छर्‍यांऐवजी टेपर बेअरिंग निघालं, म्हणजे आधी कुणीतरी बदललेलं आहे. वरचा कप (हेड पाइपमध्ये, म्हणजे चासीच्या पुढच्या नळीत, दाबून बसवलेली बेअरिंगची बाहेरची रिंग) आरामात सुटला. खालच्याची कड वरून जेमतेम अर्धा मिमी दिसते, सळई तिच्यावर टिकत नाही आणि आता पाइपाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडायला लागलेत. टीच्या (पुढचे शॉकअब्सॉर्बर धरणारा भाग) दांड्यावरची आतली रिंगही हलत नाही. डब्ल्यूडी-४० रात्रभर मुरवून झालं. गॅरेजवाला म्हणतो, गॅस मारून लाल करू. करू द्यावं का? काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाललंय. लाइट आहे, वेल्डिंग मशीन नाही.

ग्रीसगन
गॅस अजिबात नको, आणि कारण फक्त रंगाचं नाही. बर्‍याच गाड्यांचा चासी नंबर हेड पाइपवरच ठोकलेला असतो. तिथला रंग जळला की पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. तुमच्या गाडीची १५ वर्षं भरत आलीत, पुन्हा पासिंगला जाल तेव्हा तो नंबर स्पष्ट वाचता आला पाहिजे. आधी नंबर कुठे आहे ते शोधा आणि त्या भागाला ग्राइंडर, पॉलिश पेपर, ज्योत काहीही लावू नका.

उष्णता लागेल, पण बेताची. स्टील दर १०० अंशांना, ५२ मिमी व्यासावर, साधारण ०.०६ मिमी फुगतं. कप दाबून बसवताना ठेवलेली पकड बहुधा याहून कमीच असते. गोम अशी की पाइप गरम आणि कप थंड असला तरच याचा उपयोग. दोन्ही एकत्र तापले तर दोन्ही फुगतात आणि आपण होतो तिथेच राहतो. गॅसने सावकाश लाल करताना नेमकं हेच होतं. म्हणून २००० वॅटची हॉट एअर गन पाइपाभोवती गोल फिरवत राहा. पाण्याचा थेंब टाकला की चर्रकन उडाला पाहिजे. तेवढ्यात दुसर्‍याने बर्फाच्या पाण्यात पिळलेलं फडकं खालून कपाच्या पोटात कोंबून धरायचं. फडकं काढलं की लगेच ठोका, अर्ध्या मिनिटात फायदा संपतो. वायरिंग, केबल आणि टाकी आधीच बाजूला हवी. रात्रभर मुरवलेलं तेल पुसल्याशिवाय गन चालू करू नका.

आता सळई घसरण्याबद्दल. पितळेची सळई अशा बारीक कडेवर चालत नाही, टोक फुलतं आणि सरकतं. १२ मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत स्टीलची सळई) ४० सेंमी लांब घ्या, टोक काटकोनात घासून कोपरा धारदार ठेवा आणि शेवटचे ४-५ सेंमी अगदी किंचित वाकवा, म्हणजे वरून घातल्यावर टोक भिंतीला घासत जाऊन कडेवर बसतं. १२ वाजता एक ठोका, मग ६, मग ३, मग ९. एकाच बाजूला हाणत राहिलात तर कप तिरका होतो आणि पाइपाचं भोक लांबट करतो. ते नुकसान कोनसेटच्या किमतीच्या कितीतरी पट आहे.

आर्कवाला
वरचं सगळं बरोबर, पण अर्ध्या मिमीच्या कडेवर मी ठोकाठोकीत वेळ घालवणार नाही. कपाच्या आतल्या बाजूला, जिथे रोलर फिरतात तिथे, वेल्डिंगचा एक पूर्ण गोल फिरवा. वेल्ड थंड होताना आकसतो आणि कपाला आत ओढतो. बर्‍याचदा कप हातानेच निघतो, नाहीतर सळईच्या दोन टिचक्या पुरतात. कप तसाही भंगारातच जाणार आहे.

६०१३ ची २.५ मिमी कांडी, ७० ते ८० अँपिअर. कप खाली तोंड करून असतो, त्यामुळे उभ्या गाडीवर आर्क मारला तर वितळलेला धातू अंगावर टपकतो. टाकी आणि बॅटरी काढून गाडी जुन्या गादीवर आडवी करा. अर्थिंगचा चिमटा हेड पाइपजवळच, उघड्या धातूवर. मागच्या चाकाला लावलात तर करंट चेन आणि बेअरिंगांमधून फिरतो. फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कपलर सोडवून ठेवा.

एक गोष्ट ठळक सांगतो: कप धुवायला ब्रेक क्लीनर वापरू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनचे द्रावक असतात, आर्कखाली त्यातून फॉस्जीन तयार होतो. तो विषारी वायू आहे, पार्किंगसारख्या कोंडलेल्या जागेत तर विषाची परीक्षा नकोच. डिझेलने धुवा, कोरडं होईपर्यंत पुसा, मग वेल्ड.

मशीन नसेल तर खिडक्यांच्या ग्रिल बनवणारा कुठल्याही गल्लीत सापडेल. फक्त त्याला आधी नीट सांगा की वेल्ड कपावरच हवा, पाइपाला चिकटता कामा नये. नाहीतर सवयीने दोन्ही मिळून पक्कं जोडून देईल.

हुक_स्पॅनर
सोसायटीत आर्क मारायला सेक्रेटरी परवानगी देतील असं वाटत नाही :) वेल्डिंगशिवायचा रस्ता: रोटरी टूलला छोटी ग्राइंडिंग चकती लावून कपाच्या आत, समोरासमोर, दोन उभे खाचे पाडा. शेवटचा अर्धा मिमी शिल्लक ठेवा. बेअरिंगचं स्टील कडक आणि ठिसूळ असतं, खाचेत छिन्नीचा एक ठोका बसला की तडकतं आणि पकड सुटते. घाई करून पाइपात घुसू नका.

टीवरच्या रिंगलाही हीच युक्ती. ग्राइंडरला १ मिमीची कटिंग चकती, खाच तिरकी, दांड्याला न लागता, मग छिन्नी. पूर्ण चष्मा हवाच, तुकडा गोळीसारखा उडतो. खालचं धूळ-सील फाटणारच, नवीन आणून ठेवा.

परळ_पाना
सर्वांचे आभार. हुक_स्पॅनर, खाचांनी दोन्ही सुटले. पाइपाचं बैठक-भोक थोडं खरवडलंय, नवा कप वरच्या बाजूच्या मानाने सैल वाटतो. गॅरेजवाला म्हणतो डॉट पंच मारून (टोकदार पंचने भोकाच्या भिंतीवर टोकं उठवून) घट्ट करू.

ग्रीसगन
डॉट पंच म्हणजे कप आठ-दहा टोकांवर उभा करणं. खड्ड्यांत ती टोकं महिन्याभरात दबतात. आधी ओरखड्यांची उभी राहिलेली धार तेवढी घासून काढा, बाकी धातू तसाच ठेवा. कप हाताने आत जातोय पण हलत नाही, इतपतच सैल असेल तर लॉकटाइट ६३८ (बेअरिंग चिकटवायचा द्रव), ते ०.२५ मिमीपर्यंतची फट भरतं. दोन्ही पृष्ठभाग तेलविरहित हवेत. त्याहून सैल असेल तर लेथवाल्याकडून स्लीव्ह (मधे बसवायची पातळ नळी).

घट्ट असेल त्या बाजूचा कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सुमारे ०.०३ मिमी आकसतो. मुंबईच्या दमट हवेत बाहेर काढताच त्याला घाम फुटतो. तसाच बसवला की ते पाणी मागे अडकतं आणि पुढच्या वेळी हाच धागा पुन्हा उघडावा लागतो. पुसा, तेलाचा हात फिरवा, मगच बसवा. बसवताना हातोडा नको. १२ मिमीचा थ्रेडेड रॉड, दोन जाड वॉशर, नव्या कपाला दाबायला मधे जुना कप, बाहेरून थोडा घासून आणि एका जागी चिरून.

हुक_स्पॅनर
बेअरिंग नागदेवीला (मुंबईतला हार्डवेअरचा बाजार) घेणार असाल तर गाडीचं नाव नको, जुन्यावरचा नंबर सांगा. ३२००५ म्हणजे २५×४७×१५ मिमी, ३२००६ म्हणजे ३०×५५×१७. वरचं आणि खालचं वेगळं असू शकतं.

ग्रीस रोलरांच्या पिंजर्‍यात तळहातावर दाबून भरा, वरवर चोपडू नका. खालच्या बेअरिंगवर पुढच्या चाकाचं पाणी थेट येतं, तिथे मरीन ग्रीस घाला. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशर गन हेड पाइपपासून लांब ठेवायला सांगा.

नट आधी घट्ट करून हँडल पाच-सहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, रोलर बसतात. मग पूर्ण सैल करून पुन्हा फक्त खेळ जाईपर्यंत आवळा. पुढचं चाक हवेत असताना हँडलला बोटाने ढकललं की ते स्वतःच्या वजनाने दोन्हीकडे पडलं पाहिजे. केबल ताणलेल्या असतील तर ही तपासणी फसवते. वरचा मोठा नट आवळला की खालची सेटिंग थोडी घट्ट होते, म्हणून त्यानंतर पुन्हा बघा. ५०० किमीला परत एकदा.