मदत हवी आहे: तवांग-बुमला, सोबत ज्येष्ठ नागरिक

ऑक्टोबरअखेर गुवाहाटीहून अरुणाचलातल्या तवांगला आणि तिथून चीन सीमेवरच्या बुमला खिंडीत जायचंय. आईबाबा सत्तरीच्या आसपास. इनर लाइन परमिट (अरुणाचलात शिरायचा परवाना) ऑनलाइन काढलं की बुमलाही त्यातच येतं का? उंचीचा त्रास टाळायला मुक्काम कसे ठेवावेत? १९६२ च्या युद्धाच्या जागा नीट बघायच्या आहेत.

घाटवाट:
नाही येत. इनर लाइन परमिट प्रत्येकाचं वेगळं, ते भालुकपाँगच्या नाक्यावर तपासतात. बुमलाचा परवाना तवांगलाच, उपायुक्त कार्यालय आणि लष्कराकडून मिळतो. बहुतेक वेळा गाडीवालाच आदल्या दिवशी आणून देतो. ओळखपत्र आणि परमिटच्या जास्तीच्या झेरॉक्स ठेवा. मध्ये रविवार आला तर काम अडतं. बुमलाला स्थानिक गाडीच लागते, गुवाहाटीची चालत नाही.

मुक्काम: भालुकपाँग, मग दिरांग (दोन रात्री असतील तर उत्तम), मग तवांग. तवांग साधारण १०,००० फुटांवर आहे, त्यामुळे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच बुमला नको. तो दिवस मठ आणि युद्धस्मारकाला द्या. स्मारकात कामेंग विभागातल्या २,४२० हुतात्म्यांची नावं कोरली आहेत, घाईत बघायची जागा नाही ती.

देवराई:
एक भर. दिरांग-तवांग रस्त्यावर मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून ड्रायव्हर सरळ बोगद्यातून काढतात आणि सेला तळं राहून जातं. तळं हवं असेल तर जुन्या रस्त्याने खिंडीवरून (१३,७०० फूट) न्यायचं आधीच ठरवून घ्या. पण वर दहा मिनिटंच थांबा, आईबाबांना पळापळ नको. पुढे जसवंतगड हे युद्धस्मारक लागतं: नूरानांगची लढाई, १७ नोव्हेंबर १९६२, गढवाल रायफल्सची चौथी बटालियन. त्यानंतर जंगचा धबधबा. दिरांगहून सकाळी सातच्या आत निघा, कारण तिकडे पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि घाटात धुकं असतं.

प्रश्नकर्ता:
आभार! आईबाबांना बुमला टाळून फक्त त्याच बाजूचं संगेत्सर तळं दाखवलं तर?

घाटवाट:
इथेच बरेच जण फसतात. तळं बुमलापेक्षा खाली आहे खरं, पण तिथे जाणारा रस्ता आधी बराच वर चढतो आणि मग उतरतो. म्हणजे उंची काही टळत नाही. बुमला १५,२०० फूट, तवांगहून ३७ किमी, रस्ता खडबडीत. आदल्या रात्री डोकं दुखत असेल, जेवण जात नसेल, तर दोघांना तवांगलाच थांबू द्या. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास ते आवर्जून सांगा.

जाणार असाल तर आधी बुमला, परतताना संगेत्सर. दुपारनंतर वर हवा बिघडते. संगेत्सरच्या पाण्यात उभी असलेली वाळकी खोडं तेव्हाही दिसतातच.