मांजर आणि कुंड्या: तुमच्या घरी काय घडलं?

मनीला जाऊन महिना झाला. कारण कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, म्हणून हा धागा काढतेय. तुमच्याकडे काही घडलं असेल, थोडक्यात निभावलं असेल, तर लिहा. झाडाचं शास्त्रीय नाव नको, नर्सरीवाला म्हणतो ते चालेल.

आधी माझंच सांगते. खारघरला नव्या घराची वास्तुशांत होती. यांच्या ऑफिसातून लिलीचा भलामोठा बुके आला, तो टीव्हीशेजारी ठेवला. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "बघ गं, मनीनंही हळद लावून घेतली!" मिशांना आणि नाकाच्या शेंड्याला पिवळट तपकिरी काहीतरी लागलेलं. पूजेची हळद घरभर सांडलेलीच होती, सगळे हसलो. मनीनं पंजा ओला करकरून तोंड लख्ख पुसून काढलं. रात्री दोनदा ओकली. नवी जागा, एवढी माणसं, बावरली असेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पलंगाखालून बाहेर येईना. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन भलतंच वर, लघवी बंद. त्यांनी विचारलं, "घरात लिली आहे का?"

ती हळद नव्हतीच, पराग होते. लिलीचं पान, फूल, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी एक ते तीन दिवसांत निकामी करतं. पहिल्या काही तासांत नेलं असतं, तर दोन-तीन दिवस सलाइनवर ठेवून वाचवता आलं असतं. सासूबाई अजून कुंकवाचा करंडा उघडताना मध्येच थांबतात.

नेरूळ
वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे पीस लिली आहे, म्हणून धावत जाऊन डॉक्टरांना विचारलं. ती नावाचीच लिली, कुळ अळूचं. मनीप्लांट, डिफेनबेकिया, सिंगोनियम, मॉन्स्टेरा ही सगळी भावंडं. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडात टोचतात. आग खूप होते, पण लिलीसारखी किडनी जात नाही. आमच्या गोट्यानं मनीप्लांटचं पान चावलं तेव्हा लाळेच्या तारा लोंबत होत्या, डोकं झटकत होता, पंजानं जीभ ओरबाडत होता. आजीनं खुर्चीतूनच निदान केलं, "मेल्याला अळू खाजलंय." बरोबर होतं! आपण फतफत्यात चिंच घालतो ती त्या खाजेसाठीच. (मांजराला चिंच देऊ नका, आजी निघाली होती.) ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, श्वासावर लक्ष ठेवलं. तासाभरात लाळ थांबली, रात्री बांगडा मागायला हजर.

ऐरोली
माझी चूक लिहून ठेवते. चिंगीनं कण्हेरीचं पान तोंडात धरलेलं दिसलं, कण्हेर हृदयावर जाते एवढं माहीत होतं, म्हणून घाबरून ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजलं. डॉक्टर माझ्यावरच ओरडले. मिठानं वेगळीच विषबाधा होते. घरी ओकारी काढायची नाही, चावलेलं पान पिशवीत घालायचं, झाडाचा फोटो घ्यायचा आणि रिक्षा पकडायची. पान फक्त धरलं होतं, गिळलं नव्हतं, म्हणून सुटलो.

घोडबंदर रोड
आमच्या सोसायटीच्या गेटवर दोन सायकस आहेत. माळी त्याला पाम म्हणतो, सेक्रेटरीही पाम म्हणतात. तो पाम नाही, यकृत खलास करतो. बिया सगळ्यांत वाईट. सभेत बोललो तर विषय "इतर" मध्ये गेला. घरात अरेका पाम आहे, तो बिनधास्त ठेवा, आमची दोन्ही मांजरं त्याच्या झिपऱ्या करतात.

कोपरखैरणे
घाबरून सगळ्या कुंड्या फेकू नका रे. तुळस, मोगरा, जास्वंद, गुलाब, स्पायडर प्लांट यांचं भय नाही. कोरफड, स्नेक प्लांट, पानफुटी, सदाफुली मात्र ग्रिलबाहेर. उंच फळीवर ठेवलं की झालं असं म्हणणाऱ्यांनी मांजर पाळलेलं नाही.

मूळ गोष्ट अशी की त्यांना हिरवं चावायचंच असतं. गेल्या नवरात्रात आमच्या बोक्यानं पाचव्या माळेला घटाचं धान कुरतडलं. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण गव्हाचे अंकुर त्याला चालतात, हे असं कळलं. आता श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात माती घालून दर पंधरवड्याला गहू पेरते. त्या डब्यावर त्याचा हक्क, बाकी कुंड्यांकडे तो बघत नाही. म्हणजे फारसा बघत नाही.

नौपाडा
शेवंतीचं लिहायचं राहिलं का? जांभळी नाक्यावरून आणलेल्या वेणीतल्या चार पाकळ्या खाऊन आमची सोनी दिवसभर ओकत होती. आता हार आणला की देव्हाऱ्याचं दार बंद.

वाशी
कालच वाढदिवसाचा बुके आलाय, त्यात तीन लिली. धागा अर्धवट सोडून उठले, बुके सेलोफेनसकट खाली नेला. ओटा आणि टीपॉय पुसला, मांजराची पाठही ओल्या फडक्यानं पुसली, ती अजून रुसलेली आहे. वॉचमनकाका म्हणाले, "मॅडम, फेकताय कशाला, मी नेतो घरी." हो म्हटलं आणि वर आले. त्यांच्याकडे मांजर आहे का, हे विचारायला आता परत खाली चाललेय.