तीन खोल्या, एक बजेट: हॉलला टीव्ही घेऊ की प्रोजेक्टर?

मीठभाकर

नमस्कार मंडळी, पुण्यात सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांतून आम्ही आत्ताच धायरीला अडीच बीएचकेत आलोय, आणि आमचा जुना ३२ इंची टीव्ही नव्या हॉलच्या भिंतीवर टेकवून बघितला तर कुणी पोस्टकार्ड चिकटवलंय असं वाटतंय. तर नवीन घ्यायचाय आणि तिथेच घोडं अडलंय. नवरा म्हणतो टीव्ही नकोच, सरळ प्रोजेक्टर घेऊ, शंभर इंच, घरीच थिएटर. सासूबाई म्हणतात सात ते साडेनऊ माझ्या मालिका दिसल्या पाहिजेत, बाकी तुमचं तुम्ही बघा. मुलगा नववीत आहे, त्याचं मत विचारायची सोय नाही, यूट्यूब बघून आलाय आणि रोज नवीन मॉडेलचं नाव सांगतोय.

हॉल ११ बाय १७, एका टोकाला पश्चिमेची बाल्कनी, सरकतं काचेचं दार, दुपारी तीननंतर ऊन थेट सोफ्यापर्यंत. सोफा ते समोरची भिंत साधारण नऊ फूट. सासूबाईंची खोली १० बाय ११. आणि ती 'अर्धी' खोली ८ बाय १०, खिडकी डक्टमध्ये उघडते त्यामुळे दिवसासुद्धा अंधार. सुतार विचारतोय पॅनल कुठे, इलेक्ट्रिशियन विचारतोय पॉइंट कुठे काढू, दोघं रोज सकाळी माझ्याकडेच बघतात. तिन्ही खोल्या मिळून बजेट एक लाख, फार तर वर पाच-दहा. कुणी दोन्ही वापरलंय का? नुसतं स्पेसिफिकेशन नको, ते मुलगा देतोय.

पेठीबाणा

पेठेतून धायरीला गेलात तेव्हा विचारलं नाहीत, आता टीव्हीचं विचारताय. असो.

हॉलला टीव्ही. यात चर्चेसारखं काही नाहीये. टीव्ही स्वतः उजेड फेकतो, प्रोजेक्टर भिंतीवर उजेड टाकतो, आणि प्रोजेक्टरला काळा रंग दाखवताच येत नाही, फक्त तिथे उजेड टाकायचा नाही एवढंच त्याच्या हातात असतं. म्हणजे दुपारी चारला तुमची भिंत जेवढी उजळ तेवढाच उजळ तुमचा 'काळा'. मी ऑफिसचा प्रोजेक्टर एका रविवारी घरी आणून क्रिकेट लावलं होतं, पडदे ओढून, तरी मैदान कढीच्या रंगाचं आणि बॉल कुठेय ते कॉमेंट्रीवरून कळत होतं. तोच प्रोजेक्टर रात्री नऊला लावला तर शेजारचे बघायला आले.

साइझसाठी दुकानात जाऊ नका, दुकानात सगळेच टीव्ही लहान वाटतात कारण छत वीस फुटावर असतं. घरी जुने पेपर चिकटपट्टीने जोडा आणि भिंतीवर लावा. ५५ इंची म्हणजे साधारण १२२ सेंमी रुंद आणि ६९ उंच, ६५ इंची १४४ बाय ८१. दोन दिवस तसंच राहू द्या, सोफ्यावर बसून चहा प्या, मग ठरवा. बसायचं अंतर कर्णाच्या दीडपट ते पावणेदोनपट धरलं तर नऊ फुटांना ६५ सुद्धा मोठा नाही. पण ६५ घेतलात तर लाखात बाकी दोन खोल्यांना फार उरणार नाही हेही आहे.

लुमेनकाका

पेठीबाणा बरोबर बोलतायत पण नुसतं 'उजेडात दिसत नाही' म्हणून सोडू नये, हिशोब सोपा आहे, ताईंच्या मिस्टरांना दाखवा म्हणजे घरात भांडण कमी होईल. शंभर इंची चित्र म्हणजे २२१ सेंमी रुंद, १२५ सेंमी उंच, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. आता एखादा स्वस्त पोर्टेबल प्रोजेक्टर घ्या, खरे ३०० आन्सी लुमेन (म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड) देणारा. ३०० भागिले पावणेतीन म्हणजे पडद्यावर ११० लक्स, दर चौरस मीटरला ११० लुमेन. संध्याकाळी ट्यूब लावलेल्या हॉलमध्ये भिंतीवर साधारण तेवढाच उजेड आधीच पडलेला असतो. म्हणजे प्रोजेक्टरचा पांढरा आणि भिंतीचा 'काळा' यात फरक राहिला जेमतेम दुप्पट. चित्र दिसेल, पण धुतलेल्या लुगड्यासारखं. तेच ८० इंचावर आणलंत तर क्षेत्रफळ पावणेदोन होतं आणि लक्स जातात १७० च्या आसपास, म्हणून अंधाऱ्या लहान खोलीत छोटं चित्र काढलं की तोच डबा एकदम चांगला वाटायला लागतो.

आणि हो, खोक्यावर नुसतं '९००० लुमेन' लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, 'आन्सी' शब्द आहे का बघा. तसंच '४के सपोर्ट' म्हणजे ४के फाइल आत घेतो एवढंच, भिंतीवर कितीचं चित्र येतं त्यासाठी 'नेटिव्ह' काय लिहिलंय ते वाचा.

रात्रपाळी

काकांनी शेवटी जे लिहिलंय ना ते मला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ऑनलाइन सेलमध्ये घेतला, कंपनीचं नाव घेत नाही, खोक्यावर ४के, नेटिव्ह निघालं ७२०पी, म्हणजे ४केच्या मानाने फारच कमी बारकावा, रात्री पिक्चर बघायला ठीक होता पण सबटायटल वाचताना डोळे बारीक करावे लागायचे. पहिला पावसाळा संपेपर्यंत आतल्या काचेवर धूळ बसली, अंधारातला सीन आला की चित्रात तीन मोठे पांढरट ठिपके, बायकोने त्यांना नावं ठेवली होती. उघडून पुसायला नेला तर दुकानदार म्हणाला हा उघडायचा नसतोच. शिवाय त्यात नेटफ्लिक्सचं अधिकृत ॲप नव्हतं, कुठलं तरी वळसा घालून टाकलेलं, ते एका अपडेटनंतर बंद पडलं, शेवटी ॲप चालवणारी वेगळी स्टिक लावली.

तरीपण सांगतो, मी परत प्रोजेक्टरच घेतला (या वेळी १०८०पी नेटिव्ह, ऑप्टिकल भाग सीलबंद असलेला) कारण माझी कामावरून यायची वेळ रात्री बारा, तेव्हा उजेडाचा प्रश्नच नाही. म्हणजे प्रश्न टीव्ही की प्रोजेक्टर असा नाहीच, तुम्ही त्या खोलीत किती वाजता बसणार हा आहे.

ताई, तुमच्या ८ बाय १० च्या खोलीत एक बघून घ्या, साध्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.२ च्या आसपास असतो, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या १.२ पट अंतर लागतं. १०० इंचाला लेन्स ते भिंत २.६५ मीटर, जवळजवळ पावणेनऊ फूट, मागे डबा आणि वायर धरा की दहा फूट संपले, तुम्ही बसणार कुठे, प्रोजेक्टरखाली. ८० इंचाला सात फुटांत काम होतं. आणि डबा तिरका ठेवून कीस्टोनने चित्र सरळ करण्यात मजा नाही, ते चित्रच कापून-दाबून सरळ करतं, शार्पनेस जातो. छताला मधोमध टांगा.

कोथरूडची चकली

सगळे हॉल आणि अर्ध्या खोलीत अडकलेत, सासूबाईंचं कुणी बोलतच नाहीये. त्यांच्या खोलीत तो जुना ३२ इंचीच ठेवा, नवीन काही घेऊ नका! आम्ही हौसेने आईंसाठी ४३ इंची ४के आणला आणि त्यांच्या सेटटॉप बॉक्सवर सगळे चॅनल एसडी, म्हणजे एचडीहून कमी स्पष्ट. लहान टीव्हीवर जे बरं दिसायचं ते मोठ्यावर सगळं भरडलेलं, चेहऱ्यावर पीठ लावल्यासारखं. मग एचडीचा पॅक वाढवा, महिन्याचे पैसे वाढले.

आणि त्याहून मोठी गोष्ट रिमोट. स्मार्ट टीव्ही लावला की आधी ॲपचे चौकोन येतात, आई दिवसातून चारदा हाक मारायच्या, 'अगं ते चौकोन आलेत परत'. शेवटी भाच्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू केल्यावर थेट सेटटॉपवर जाईल असं केलं, बऱ्याच टीव्हीत ते असतं, फक्त खोल कुठेतरी पुरलेलं असतं. झोपून बघणार असतील तर थोडा उंच आणि पुढे झुकवता येणारा स्टँड घ्या. हॉलमध्ये मात्र उंच लावू देऊ नका, इंटिरियरवाल्यांना टीव्ही फोटोफ्रेमसारखा वर टांगायची फार हौस. बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात, टीव्हीचा मध्य तिथे किंवा जरासा वर.

बिनटीव्हीचा

माझं मत वेगळं. आमच्या हॉलमध्ये पाच वर्षं फक्त प्रोजेक्टर आहे, टीव्ही नाहीच, आणि हे मुद्दाम. दिवसा दिसत नाही हाच त्याचा गुण आहे. मुलं शाळेतून आली की आपोआप काही लागत नाही, जेवताना कुणी बातम्या लावत नाही, बघायचं तर पडदा खाली ओढा, दिवे घालवा, सगळे एकत्र बसा. भिंत मोकळी राहते ते वेगळंच. फक्त प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर डब्यात बसून कुणी बोलतंय असा असतो, त्याचे पैसे वेगळे धरा.

पेठीबाणा

@बिनटीव्हीचा, तुमच्या घरात सात ते साडेनऊवाली व्यक्ती नाही, त्यामुळे तुमचं चालतंय.

जोडणीवाला

मी हे काम करतो म्हणून कोरडं लिहितो. टीव्ही, प्रोजेक्टर नंतर बदलता येतो, भिंत नाही. इलेक्ट्रिशियन पाऊण इंची पाइप टाकून मोकळा होईल, टाकू देऊ नका. एचडीएमआयचं डोकं साधारण दोन सेंमी रुंद असतं, पाऊण इंची पाइपच्या वळणात ते अडकतंच, मग लोक भिंत परत फोडतात किंवा वायर बाहेरून लोंबकळवतात. किमान दीड इंची पाइप, काटकोनी एल्बो नको, लांब बेंड, आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. अर्ध्या खोलीत छताला एक प्लग पॉइंट आणि तिथून समोरच्या भिंतीपर्यंत असा पाइप आत्ता काढलात की प्रोजेक्टर आज घ्या नाहीतर तीन वर्षांनी. पाच मीटरच्या पुढे ४केसाठी साधी केबल दगा देते, मग ऑप्टिकलवाली घ्यायची, तिला दिशा असते, उलटी घातली तर काही दिसत नाही आणि लोक मला फोन करतात. केबल, ब्रॅकेट तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिक बाजारात घ्या, शोरूमच्या भावात आणि तिथल्या भावात फरक पडतो.

हॉलची भिंत ब्लॉकची असेल तर स्टँडबरोबर आलेले स्क्रू वापरू नका, ब्लॉकसाठीचे लांब फास्टनर मागा. पश्चिमेच्या दाराच्या बरोबर समोर टीव्ही नको, आरसाच होईल, आडव्या भिंतीवर घ्या. त्या उजेडात ओलेडच्या मोहात पडू नका, ते अंधाऱ्या खोलीचं काम, तुम्हाला जास्त ब्राइटनेसवाला एलईडी बरा. एलईडीत स्क्रीनच्या पॅनलचे दोन मुख्य प्रकार, सगळे समोरच बसत असतील तर व्हीए, काळा चांगला येतो. बाजूच्या खुर्चीवरून, स्वयंपाकघरातून कुणी बघणार असेल तर आयपीएस, तिरकस बघितलं तरी रंग टिकतात. घरी आणल्यावर पिक्चर मोड 'व्हिविड'वरून सिनेमावर करा, व्हिविड दुकानाच्या उजेडासाठी असतो.

अजून एक, गणपती कुठे बसणार? हसू नका. निम्म्या घरांत टीव्ही युनिटवरच मखर येतं आणि दहा दिवस टीव्ही मागे गुदमरतो, किंवा बाप्पाच्या डोक्यावर मॅच चालू असते. युनिट काढतानाच ठरवा.

लुमेनकाका

जोडणीवाल्यांच्या पाइपला शंभर टक्के अनुमोदन. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि येताना झटका देऊन येते, म्हणून स्पाइक गार्ड लावाच. जुना दिव्याचा प्रोजेक्टर कुणी स्वस्तात देत असेल तर नको, दिवा तीन ते पाच हजार तासांचा, आणि वीज गेली की पंखा बंद पडून दिवा तसाच तापलेला राहतो, आयुष्य कमी होतं. एलईडी किंवा लेझरवाला वीस हजार तास सांगतात. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओतल्या किमती धरून बसू नका.

रात्रपाळी

मुलाच्या गेमिंगचं राहिलं. घरात गेमिंग कन्सोल नसेल तर १२० हर्ट्झच्या (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या टीव्हीच्या) नादी लागू नका, ते पैसे स्पीकरला घाला.

मीठभाकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, उशिरा लिहितेय कारण घरात प्रयोग चालू होते.

पेपर लावले, आधी ६५ चे, मग दुमडून ५५ चे. ६५ ला मुलगा खूश, पण मखराची जागा मोजली तर त्यात जेमतेम बाप्पाच मावत होते, आरास नाही. (जोडणीवाले, हसले नाही, आधी मोजलं.) म्हणून ५५, आडव्या भिंतीवर, व्हीए, सोफ्यावरूनच बघतो आम्ही. दोन दिवस पेपर तसेच होते, तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी रद्दीवाल्याला थेट हॉलमध्ये बोलावलं.

प्रोजेक्टर सध्या नाही. नवरा ऑफिसातून एक रात्रीपुरता मागून घेऊन आला, अर्ध्या खोलीत डक्टची खिडकी लावून ८० इंचाचं चित्र काढलं, आणि खरं सांगते, मीसुद्धा अकरा वाजेपर्यंत तिथून हलले नाही. पण घर लागलं की दिवाळीत बघू, १०८०पी नेटिव्ह आणि आन्सी वाचूनच. त्याच रात्री सासूबाईंना कौतुकाने बोलावून त्यांची मालिका लावून दाखवली. त्या दारातच उभ्या राहिल्या, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, 'एवढं भलंमोठं तोंड, आणि कानात काय घातलंय तेच दिसत नाही.' त्यांच्या खोलीत ३२ इंची कायम.

इलेक्ट्रिशियनने कपाळाला हात लावला, पण पाइप दीड इंचीच टाकलाय, आत दोरी सोडून.