प्रति: सुपारी घेणाऱ्याची घालमेल पटते का?

'मारेकऱ्याला पश्चात्ताप झाला की थ्रिलर मेलंच' हे या चर्चेतलं मत अर्धंच पटलं. पश्चात्तापाने वेग मरत नाही, तो पानभर स्वगतात मांडला की मरतो. घालमेल कामातच दिसायला हवी. सराईतपणे पाळत ठेवणारा माणूस सावजाच्या दिनक्रमात नको ते टिपू लागतो: गोळ्या घ्यायची वेळ, जिन्याच्या वळणावर दम खायला थांबणं. मग पुढची चूक आपसूक होते आणि कथानकही सरकतं.

पैशाचा मुद्दा मात्र इथे कुणीच काढला नाही. ग्रॅहम ग्रीनच्या 'अ गन फॉर सेल' या कादंबरीत (१९३६) मारेकरी रेव्हनला सुपारीचे पैसे मिळतात ते चोरीच्या नोटांत (रहस्यभेद नाही, हे सुरुवातीलाच कळतं). पोलीस मागे लागतात ते खुनासाठी नव्हे, त्या नोटांसाठी. आणि हा निघतो पैसे देणाऱ्याच्या शोधात. मनातली ओढाताण खरी वाटायला असा बाहेरचा फास लागतो. तो नसला की लेखकाकडे 'शेवटची एक सुपारी' एवढंच कारण उरतं, आणि ते आता पार झिजलंय. लहान मूल समोर आलं की हात थरथरणं, हे तर त्याहून झिजलेलं.