मॉडेल टी: पितळी रेडिएटर, पण इंजिन नंबर ३१ लाखांच्या पुढचा. साल कसं ठरवायचं?

आरेवाला

नमस्कार. फोर्ड मॉडेल टी, टूरिंग (कापडी टपाची उघडी) बॉडी, बरीच वर्षं उभी असलेली. कागदावर साल १९१५ आहे. रेडिएटर पितळी, फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांमधला पडदा) लाकडी, इंजिन नंबर ३१ लाखांच्या पुढचा. गिअरबॉक्सच्या झाकणाला स्टार्टर बसवायची जागा आहे, पण स्टार्टर आणि डायनॅमो दोन्ही गायब. हँडल मारलं तर इंजिन तसूभर हलत नाही. मागच्या ॲक्सलमध्ये काही खडखड जाणवत नाही, म्हणून तो न उघडता आधी इंजिन सुरू करावं असा विचार आहे. साल कोणतं धरायचं आणि जोर लावण्याआधी काय काय उघडायचं?

पितळी_दिवा

कागदावरचं १९१५ बाजूला ठेवा. दहा लाखावी फोर्ड डिसेंबर १९१५ मध्ये बाहेर पडली, त्यामुळे ३१ लाखांपुढचा नंबर त्या सालचा असणं शक्यच नाही. तो १९१९ चा.

पण हे साल फक्त इंजिनाचं. चेसिसवर नंबर ठोकायला फोर्डने १९२६ च्या मॉडेलपासून सुरुवात केली. त्याआधी गाडीची ओळख म्हणजे ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पाणी आत येतं त्या तोंडाच्या वर ठोकलेला नंबर. या गाड्यांची इंजिनं सर्रास बदलली जात. म्हणून एकेक भाग स्वतंत्रपणे तपासा.

नंबर ठोकलेला असतो, ओतकामाची तारीख मात्र ब्लॉकवरच उठावाच्या अंकांत असते: आधी महिना, मग दिवस, मग साल. ती नंबरच्या सालाच्या थोडी आधीची हवी. तारीख नंतरची निघाली किंवा नंबरची जागा कानशीने घासल्यासारखी दिसली, तर नंबर पुन्हा ठोकला आहे असं समजा.

पितळी रेडिएटर १९१६ च्या मॉडेलपर्यंतच. १९१७ च्या मॉडेलपासून काळं कवच आलं, बॉनेटचा आकार बदलला आणि उंच सिलिंडर हेडही आलं. तुमचं हेड उंच असेल तर ते १९१९ च्या इंजिनाला शोभतंच. मग रेडिएटर आणि बॉनेट एक तर जुन्या गाडीचे आहेत, किंवा पितळी रूप हवं म्हणून कुणीतरी नंतर बसवलेत. फायरवॉलवरून निकाल लागत नाही, कारण लाकडी फायरवॉल १९२३ च्या सुरुवातीपर्यंत चालली.

स्टार्टर १९१९ मध्ये आला, सुरुवातीला बंद बॉडीच्या गाड्यांना. गिअरबॉक्सचं झाकण सहज बदलता येतं, त्यामुळे त्यावर विसंबू नका. फ्लायव्हीलवर दात्यांची रिंग आहे का आणि पुढच्या टायमिंग कव्हरला डायनॅमोची बैठक आहे का, हे पाहा. दोन्ही असतील तर इंजिन मुळात स्टार्टरचंच.

बॅबिट

हँडलवर लटकू नका. टीच्या क्रँकशाफ्टचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) जेमतेम सव्वा इंच जाडीचे असतात. हेडचे पंधरा बोल्ट काढा, हेड उतरवा आणि सिलिंडरमध्ये ॲसिटोन व ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल निम्मं-निम्मं ओता. ठिणगी आणि ज्योत लांब ठेवा. आठवडाभर मुरू द्या, रोज थोडी भर घाला. व्हॉल्व्ह अडकलेत का तेही बघा, कधीकधी तेच धरून बसलेले असतात. जुने व्हॉल्व्ह दोन तुकड्यांचे असतात, पोलादी दांड्यावर बिडाचं डोकं. डोकं सुटून पिस्टनवर पडलं तर पिस्टन गेला. ते पुन्हा वापरू नका, एकसंध व्हॉल्व्ह घाला.

आता ॲक्सल. तो न उघडता गाडी रस्त्यावर न्यायची नाही, यात तडजोड नको. डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या जोडणीच्या) दोन्ही बाजूंना दोन पोलादी वॉशरांच्या मधे एक बॅबिटचा (मऊ मिश्रधातूचा) थ्रस्ट वॉशर, म्हणजे बाजूचा रेटा झेलणारी चकती, असतो. बॅबिट म्हातारं झालं की भुगा होतं. तोवर आवाज येतोच असं नाही. भुगा झाला की क्राउन व्हील (ॲक्सलमधलं मोठं दातेरी चाक) पिनियनपासून (त्याला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकापासून) सरकतं आणि ब्रेकही जातो, कारण पायाचा ब्रेक गिअरबॉक्सच्या ड्रमवर चालतो आणि चाकांपर्यंत याच पिनियनमधून पोचतो. मागच्या चाकांतले छोटे ड्रम हातब्रेकचे, त्यांच्या भरवशावर उतार उतरता येत नाही.

दोन्ही बॅबिट वॉशर काढून कांस्याचे बसवा. जाडी बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) बघून घासून घ्यावी लागते. ॲक्सलचं घर रॉकेलने पूर्ण धुवा, कारण भुगा रोलर बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. क्राउन व्हील आणि पिनियनचे दाते मोजायलाही विसरू नका. मूळ जोडी ४० आणि ११ ची.

ट्रेंबलर

हेड काढून सिलिंडर भिजवणं ठीक, पण इतकी वर्षं उभ्या गाडीचं इंजिन खाली उतरवावंच लागेल. मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारी रचना) आत आहे. फ्लायव्हीलवर १६ चुंबक, समोर स्थिर रिंगवर १६ कॉइल. मधली फट साधारण ०.०२५ ते ०.०४० इंच. मागचं मेन बेअरिंग झिजलं की क्रँकशाफ्ट पुढे सरकतो आणि चुंबक कॉइलना घासतात. पुलीवर डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारं मापक) लावून क्रँकशाफ्ट मागेपुढे करा. नव्या कामात खेळ ०.००४ ते ०.००६ इंच असतो.

लाकडी पेटीतल्या चारही (ठिणगी देणाऱ्या, मॅग्नेटोच्या नव्हे) कॉइलचे जुने कागदी कंडेन्सर बदला. ०.४७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर चालतो. नुसत्या गुणगुणण्यावरून पॉइंट (कॉइलवरचे उघडझाप करणारे संपर्क) जुळवू नका. चारही कॉइल सारख्याच घुमतात, पण ठिणगी पुढेमागे पडते. कॉइल टेस्टरवर प्रत्येकी १.३ अँपिअरला आणा.

आरेवाला

आभार. मॅग्नेटो ठीक होईपर्यंत बॅटरीवर चालवून बघितलं तर? तार कुठे जोडू?

ट्रेंबलर

बॅटरीची तार कॉइल पेटीच्या बॅटरीच्या टर्मिनलवर. गिअरबॉक्सवरच्या मॅग्नेटोच्या टर्मिनलला ती चुकूनही लागू देऊ नका, क्षणात चुंबकांची ताकद उतरते. मग सगळं पुन्हा उघडा आणि चुंबक भारून घ्या.

हँडल मारण्याआधी स्पार्कचा लिव्हर पूर्ण वर, म्हणजे ठिणगी मागे. हातब्रेक पूर्ण ओढलेला, नाहीतर क्लच सुटत नाही आणि गाडी अंगावर येते. हँडल डाव्या हाताने, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, खालून वर ओढायचं. वरून खाली दाबायचं नाही.