मदत हवी आहे : सॅम कुक यांच्या मायामीतील मैफलीची कोणती आवृत्ती घ्यावी?

नमस्कार.

आम्ही सात-आठ जण दर महिन्याला कोणा एकाच्या घरी जमतो आणि दोन तास फक्त ऐकतो. बहुतेकांचे कान ख्यालावर आणि नाट्यपदांवर तयार झालेले आहेत. पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे आणि मी अमेरिकी सोल (कृष्णवर्णीयांच्या चर्चगायनातून घडलेला लोकप्रिय संगीतप्रकार) गायक सॅम कुक (१९३१–१९६४) यांची निवड केली आहे. त्या तयारीत एका ठिकाणी अडलो असल्याने जाणकारांचा सल्ला हवा आहे.

१२ जानेवारी १९६३ रोजी मायामीच्या ओव्हरटाउन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये कुक यांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला. सॅक्सोफोनवर किंग कर्टिस होते. हे ध्वनिमुद्रण आरसीए या रेकॉर्ड कंपनीकडे तसेच पडून राहिले आणि थेट १९८५ मध्ये, म्हणजे कुक यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, बाहेर आले. रेडिओवरून घराघरांत पोहोचलेला त्यांचा मऊ, गुळगुळीत आवाज या मैफलीत खरखरीत होतो, फाटतो, आणि तरीही सुराला कुठे धक्का लागत नाही. माझ्या मते त्यांच्या गाण्याचा याहून खरा पुरावा दुसरा नाही.

माझी अडचण अशी की या एकाच रात्रीचे तीन वेगवेगळे मिक्स (म्हणजे गायक, वाद्ये आणि श्रोते यांच्या आवाजांचा तोल निरनिराळा ठेवून तयार केलेली रूपे) बाजारात आले आहेत : पहिला १९८५ च्या तबकडीचा, दुसरा २००० च्या 'द मॅन हू इन्व्हेन्टेड सोल' या संचातला आणि तिसरा २००५ च्या सीडीचा. माझ्याकडे २००५ ची सीडी आहे. तिच्यात गायकाचा आवाज पुढे आणला आहे आणि श्रोत्यांचा गलका मागे सारला आहे. एका मित्राकडे १९८५ ची प्रत थोडा वेळ ऐकायला मिळाली, तेव्हा ती खोली माणसांनी गच्च भरल्यासारखी वाटली. आमच्यातल्या एका ज्येष्ठ रसिकांना मात्र तो गोंगाट सहन झाला नाही. गाणे नीट ऐकू येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

त्यांच्या म्हणण्याचा मी आदर करतो, पण इथे श्रोते बाजूला काढता येत नाहीत असे मला मनापासून वाटते. 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' हे गाणे घ्या. १९६२ च्या स्टुडिओतील ध्वनिमुद्रणात कुक 'येऽ' अशी हाक देतात आणि साथीचे गायक लू रॉल्स तिला उत्तर देतात. मायामीत ते उत्तर सगळा क्लब देतो. आपल्या बैठकीत समेवर येणारी दाद गाण्याला मिळालेली पावती असते, तर इथे श्रोत्यांचे उत्तर हा गाण्याच्या बांधणीचाच भाग आहे. ही रीत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आलेली आहे आणि कुक स्वतः सोल स्टरर्स या भक्तिगायकांच्या चमूत घडलेले होते. म्हणूनच सत्राची सुरुवात मी या चमूच्या जुलै १९५५ मधील लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममधल्या 'निअरर टू दी'ने करणार आहे. त्यातही श्रोत्यांचे चित्कार मुद्रित झाले आहेत. ते आधी कानावर पडले, तर मायामीचा गलका परका वाटणार नाही, अशी आशा आहे.

त्यानंतर 'ट्विस्टिन द नाइट अवे' दोनदा लावीन : एकदा मायामीचे आणि एकदा जुलै १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबमध्ये मुद्रित झालेले. तिथे जेवणाच्या टेबलांशी बसलेल्या श्रोत्यांसमोर तेच गाणे किती आवरून, नेटके गायले आहे, ते लागोपाठ ऐकल्याशिवाय लक्षात येत नाही. कोपाकबानाची मैफल दुय्यम आहे असे मात्र मी म्हणणार नाही. याच क्लबात १९५८ मध्ये त्यांचा कार्यक्रम पडला होता, आणि त्या जागी परत जाऊन ती जिंकणे सोपे नव्हते.

तर माझे प्रश्न असे आहेत. ज्यांनी मायामीचे तिन्ही मिक्स पूर्ण ऐकले आहेत, त्यांच्या मते साध्या दोन स्पीकरांवर, दहा बाय बाराच्या खोलीत, नव्या कानांसाठी कोणता योग्य ठरेल? २००० चा संच न घेता त्यातला मिक्स स्वतंत्रपणे मिळतो का? ऑनलाइन ऐकताना समोर कोणता मिक्स आहे हे ओळखण्याची एखादी खूण, म्हणजे अमुक गाण्यातली अमुक जागा, कोणी सांगू शकेल का?

आणखी एक विचारतो. 'अ चेंज इज गॉना कम' त्यांनी ७ फेब्रुवारी १९६४ रोजी 'टुनाइट शो' या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायले, पण त्या प्रक्षेपणाची फीत जपली गेली नाही. त्यामुळे सत्राच्या शेवटी या गाण्याचे स्टुडिओतले रूपच लावावे लागणार आहे. कोणी घरी टेपवर उतरवून घेतलेला त्या प्रक्षेपणाचा ध्वनी पुढे कधी उजेडात आला असेल, तर कृपया कळवावे. सत्र महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे आणि सीडी मागवायची तर हाताशी दोनच आठवडे उरले आहेत.